आक्काचा आठवड्याचा फेस

आक्काने वीस वर्षं लाँड्रीत चादरी धुतल्या आणि पन्नाशीत कुत्री धुवायला घेतली. "चादर चावत नाही, एवढाच फरक," असं म्हणायची. लाँड्रीतली एक सवय मात्र बरोबर आली: सोमवारी शाम्पूत पाणी घालून बादलीभर कालवायचा, वर झाकण, की शनिवारपर्यंत चिंता नाही.

तिचं लाडकं गिऱ्हाईक म्हणजे मास्तरांचा भोपळ्या. गोल, केसाळ, दर शनिवारी मास्तरांना ओढत आणायचा आणि आपणहून टबात चढायचा.

एका सोमवारी मास्तर एकटेच आले. "आक्का, भोपळ्या तापलाय. पाठभर फोड. हात लावू देत नाही. तुमच्याकडून आल्यापासून."

"माझ्याकडून? अहो, माझ्या हातचं कुत्रं लग्नाला न्यावं असं असतं!"

मास्तर हसले नाहीत. शनिवारची उरलेली बादली उचलून आक्का तडक जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली.

"तुमच्याकडे शनिवारी धुतलेलं, फोड आलेलं हे दुसरं कुत्रं," बाई म्हणाल्या आणि बादलीतलं थोडं, दोन्ही कुत्र्यांच्या फोडांतलं थोडं तपासायला घेतलं. चार दिवसांनी कळलं: फोडांत जे जंतू, तेच बादलीत.

"साबणात जंतू? काहीतरीच!"

"पाणी घातलं की शाम्पूचा जोर जातो. हे जंतू ओल्यातच वाढतात. आठवडाभर तुम्ही ते झाकून ठेवलेत आणि शनिवारी चोळून चोळून केसांच्या मुळांत घातलेत."

"म्हणजे मी विरजण लावत होते!"

दोन्ही कुत्र्यांच्या घरी जाऊन आक्काने कबूल केलं. तिची जाऊ म्हणाली, "कशाला गं? कुणाला कळणार होतं?"

"भोपळ्याला कळलंय ना."

भोपळ्याला पाच आठवडे गोळ्या होत्या. मास्तरांच्या हातची तो थुंकायचा, म्हणून आक्का रोज जायची. पहिल्या दिवशी तो तिला बघून खाटेखाली घुसला. तिसऱ्या आठवड्यात नुसतं गुरगुरून गोळी गिळली. फोड बसले, केस उगवले. पण पुन्हा टबात चढेल की नाही, तेवढं डॉक्टरीणबाईंनाही सांगता येईना.

गोळ्या संपल्यावरच्या शनिवारी मास्तरांनी त्याला आणलं. भोपळ्या उंबऱ्यावर अडला. आक्काने जुनी बादली पालथी घातली, तिच्यावर बसली आणि त्याच्यासमोर मगात एकापुरता ताजा शाम्पू कालवला.

"घे, हुंग. तूच साहेब."

त्याने नाक बुडवलं, शिंकला आणि चढला टबात. धुऊन झाल्यावर असं अंग झाडलं, की मास्तर चष्म्यासकट भिजले.

"मास्तर," आक्का डोळे पुसत म्हणाली, "टॉवेल एकच आहे हो. आधी भोपळ्या."