सुभद्राबाईच्या नावावरचा खोकला

हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगते आहे, तेही नीट कळत नाही — सांगते, एवढंच.

मेडशीच्या पुढे एका खेड्यातलं आरोग्य उपकेंद्र मी सांभाळते. पेशंटला लॅपटॉपसमोर बसवायचं आणि शहरातल्या डॉक्टरशी व्हिडिओवर बोलणं करून द्यायचं, हे माझं काम. रोज ठरलेले कॉल झालेच पाहिजेत. नाही झाले की संध्याकाळी ग्रुपवर साहेब नावानिशी लाज काढणार. पण सोयाबीनच्या काढणीत उपकेंद्राकडे फिरकतं कोण? मग रजिस्टरातलं एखादं नाव उचलायचं, कॅमेरा बिघडलाय म्हणायचं, आणि आपणच खोकायचं. डॉक्टरही मान वर न करता औषध लिहून मोकळा — त्यालाही आकडाच हवा होता ना! सगळे मिळून कागदी घोडे नाचवत होतो. आणि त्यात मी सगळ्यात हुशार, साहेबांची लाडकी.

त्या दिवशी सकाळी मी सुभद्राबाईचं नाव उचललं. साठीची बाई, बीपीची जुनी पेशंट. तक्रार लिहिली — खोकला.

दुपारी ती खरीच आली. "म्याडम, उजव्या हाताले मुंग्या येऊन राह्यल्या. कप सुटला हातातून. डाक्टर लावा न."

लावला असता तर? डॉक्टरला सकाळचा खोकला दिसला असता. त्याने विचारलं असतं, आणि ती म्हणाली असती, मी तर सकाळी आलेच नव्हते. एवढीच भीती — बस, एवढीच. मी लॅपटॉप मिटला आणि नेटवर्क नाही म्हणाले. बीपी मोजला, तो खूप वाढलेला होता. अशा बाईला गाडीत घालून तडक वाशिमला पाठवायचं असतं, हे मला ठाऊक नव्हतं का? पक्कं ठाऊक होतं. पण पाठवायचं तर तिच्या नावाची नोंद पुन्हा उघडावी लागली असती. घरी पडून राहा, उद्या या, म्हणाले. किती गोड आवाजात म्हणाले.

दुसऱ्या दिवसापर्यंत तिची उजवी बाजू गेली. वाचाही गेली.

पुढे गावाने मोबाइल टॉवरसाठी मालेगावला, आमच्या तहसीलमध्ये अर्ज द्यायचं ठरवलं. माझं अक्षर चांगलं, म्हणून तिचा मुलगा कागद घेऊन माझ्याकडेच आला. "तुमी तरी काय करान म्याडम, नेटवर्कच नव्हतं," — तो माझी समजूत घालत होता. आणि मी घालू दिली. नेटवर्कअभावी या महिलेस वेळेवर डॉक्टर मिळू शकला नाही, असं वळणदार अक्षरात लिहिलं. मग तिच्या घरी गेले. सहीचा उजवा हात उठत नव्हता, म्हणून डाव्या हाताचा अंगठा मीच धरून कागदावर टेकवला. ती माझ्याकडे बघत राहिली.

त्या दुपारी नेटवर्क होतं. चांगलं होतं.