खंडेनवमीला प्रोबची पूजा

बिबवेवाडीतल्या एका मोठ्या सोसायटीच्या सांडपाणी प्रकल्पात मी केमिस्ट आहे. आमच्या टाकीत घाण खाणारे जिवाणू असतात. त्यांना पुरेसा ऑक्सिजन मिळतोय का, हे पाण्यात बुडवलेला प्रोब सांगतो. त्याच्या टोकाला कांद्याच्या पापुद्र्यासारखा पडदा असतो आणि त्यावर जरा तेलकट काही बसलं की स्वारी संपावर. म्हणून माझा हुकूम होता, प्रोबला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही.

आमचे ऑपरेटर काका खडकीच्या एका कारखान्यातून रिटायर होऊन आलेले. खंडेनवमीला हत्यारं पुजायची त्यांची तिथली सवय इथेही टिकली. यंदा पाने-पकडी, पंप, मीटर, सगळ्यांना झेंडू वाहिला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर मीटरवर शून्य. प्रोब वर काढला. पडद्यावर तेलात कालवलेलं कुंकू! अकराला तपासणीचे साहेब येणार होते. काकांचं वय झालंय, यंदा रीडिंग चुकलं तर त्यांना घरी बसवू, असं सोसायटीच्या सेक्रेटरींनी आधीच बजावलं होतं. हे ठाऊक असूनही मी काकांवर यथेच्छ तोंडसुख घेतलं. अक्कल गहाण ठेवलीत का, इथपर्यंत गेले.

काका शांतपणे म्हणाले, "हात लावायचा नाही म्हणालात. मी फुलानं लावलं."



नवा पडदा बसवायला घेतला. पडद्याच्या टोपीत द्रावण भरून ती प्रोबवर फिरवून बसवायची, आत बुडबुडा राहता कामा नये. रागाच्या भरात मी घाई करत होते. पहिला पडदा फाटला, दुसराही फाटला. आता एकच उरला. काकांनी चष्मा पुसला, मला खुर्चीत बसायला सांगितलं आणि थेंब थेंब द्रावण भरून, हलकी टिचकी मारून टोपी बसवली. आत बुडबुडा औषधालाही नव्हता. तासाभरात रीडिंग पूर्ववत झालं.

साहेबांनी प्रोब उचलून निरखला. पडदा इतका सफाईनं कुणी बसवला, असं त्यांनी विचारलं. सेक्रेटरी शेजारीच उभे होते.

"मॅडमनी," काका म्हणाले.

काकांची बाजू घ्यायला याहून चांगली वेळ मिळणार नव्हती. आणि मी, एरवी कुणाला बोलू न देणारी बाई, खुशाल म्हणाले, "सवयीनं जमतं."