दादाचे तीस वार

माझा दादा वजनकाटे दुरुस्त करतो. दुकानदाराने गोड बोलून चहा पुढे केला, की हा आधी काटा उलटा करून बघतो. लोक त्याला शंकासुर म्हणतात.

दर रविवारी दुपारी आम्ही चौघं आमच्या जेवणाच्या टेबलाभोवती खेळायला बसायचो. शेजारच्या मास्तरीणबाई गोष्ट सांगायच्या, आम्ही तिघं त्या गोष्टीतले वीर, आणि कुणाचा वार लागला ते फासे ठरवायचे. जादूची हत्यारं मात्र ज्याची त्याने घरी बसून रचलेली, कार्डावर लिहून आणलेली. त्यांत काय साधं, काय दुर्मिळ आणि काय चालणारच नाही, हे दादा ठरवायचा. त्याची सही नसेल तर तलवारीचं लाटणं.

परीक्षा एकच, तीस वार. मी वीस बाजूंचा फासा टाकून आकडा सांगायची, तो मान वर न करता लिहायचा. "हत्यार किती जोरात लागतं ते बघू नये," तो म्हणायचा. "ते एकाच्या हातात असताना बाकीचे किती वेळ नुसते बसतात, ते बघावं." माझी आगीची कुऱ्हाड त्याने तीनदा परत केली. सख्ख्या बहिणीची. मी आठवडाभर त्याच्याशी बोलले नव्हते, पण बरोबर तोच होता.

तिसरा वीर म्हणजे औषधवाला, दादाचा शाळेपासूनचा जिगरी दोस्त. दादाच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं त्या आठवड्यात तो भाल्याचं कार्ड घेऊन आला. दादा डोळ्यांवर पट्टी बांधून पडला होता, म्हणून त्यानेच वाचून दाखवलं. "वार लागला की आणखी एक वार करायचा, बस. तीस वार मी घरी टाकून बघितलेत रे, दहाच लागले. दुर्मिळ लिही." दादाने चाचपडत सही केली.

तीन वर्षं चाललेल्या गोष्टीची शेवटची लढाई पुढच्याच रविवारी होती. माझ्या वीरांगनेचं गाव जाळणारा राजा समोर उभा होता. तीन वर्षं मी त्याच्यासाठीच खेळत होते. पहिली पाळी औषधवाल्याची आली. वार लागला, मग आणखी एक, मग आणखी. ओळीने बारा. राजा पडला. माझी पाळी आलीच नाही.

मास्तरीणबाईंनी दादाकडे बघितलं. "दोस्ताला झुकतं माप का हो?"

दादाने चष्मा लावून कार्ड हातात घेतलं. खाली एक ओळ होती, जी त्याला वाचून दाखवलीच नव्हती: लागलेल्या प्रत्येक वाराने पुढचा नेम सोपा होतो.

"तीस वार टाकले होतेस?"

औषधवाला हसला. "खेळच आहे रे. एवढं काय मनावर घेतोस?"

"दुकानातला तुझा काटा मी दर वर्षी उलटा करून बघतो," दादा म्हणाला. "इथे नाही बघितला."

त्याने स्वतःची सही खोडली. औषधवाला चहा तसाच टाकून गेला. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि माझा राग अजून गेलेला नाही.

गेल्या रविवारी मी एक साधी गोफण लिहून नेली. दादाने वही उघडली. मी फासा टाकला, म्हटलं, "चौदा."

त्याने मान वर करून फासा बघितला, मग लिहिलं. तीसही वेळा.