बोटीवरची आडवी बाटली

कोल्हापूरच्या माणसाला 'अनलिमिटेड' शिकवायला जाऊ नये. आमच्याकडे खानावळीत ताट आलं की वाढपी तांबडा आणि पांढरा रस्सा घेऊन फिरत असतो आणि तुम्ही वाटीवर हात आडवा धरत नाही तोवर ओतत राहतो. त्याला हाक मारावी लागत नाही. रांग लावावी लागत नाही. मनगट दाखवावं लागत नाही. हात आडवा घालायचा तो जेवणाऱ्यानं, ही आमच्याकडची साधी रीत आहे.

त्यामुळं शाहूपुरीतल्या ट्रॅव्हल एजंटानं टेबलावर गुळगुळीत माहितीपत्रक पसरलं आणि "ड्रिंक पॅकेज अनलिमिटेड" असं म्हणाला, तेव्हा माझ्या मामाचा चेहरा रश्श्याचा वास आल्यासारखा उजळला.

मामाचे कबनूरला यंत्रमाग. माग चालू असताना ओरडून बोलायची सवय, ती माग बंद असतानाही सुटलेली नाही. मामीचे गुडघे दुखत होते म्हणून ती येणार नव्हती, पण मामाला मुंबईहून सुटणाऱ्या मोठ्या बोटीत एकदा बसायचंच होतं. म्हणून त्यानं आपल्या बहिणीला, म्हणजे माझ्या आईला, आबांना म्हणजे माझ्या वडिलांना, आणि मला बरोबर घेतलं. चौघांची एकच केबिन.

"एका केबिनमधल्या एकानं पॅकेज घेतलं की सगळ्या मोठ्या माणसांनी घ्यायचं," एजंट म्हणाला. "कंपनीचा नियम हाय."

"का?" मी विचारलं.

"एकाच्या पॅकेजवर चौघं पितील म्हणून."

"म्हणजे आम्ही चोर?"

"तसं न्हाय हो ताई..."

"तसंच हाय."

मामा मध्ये पडला. "अगं भाचे, मी देतोय की सगळ्यांचं! नसंल प्यायचं तर नको पिऊस. हाताला पट्टा तेवढा बांधायचा."

आई म्हणाली, "पट्टा कुत्र्याला बांधत्यात."

आई असं का म्हणाली ते सांगायला हवं. शहराला लागून आमचं गाव आहे. शाळेच्या वाटेवर दारूचं दुकान. ते बंद व्हावं म्हणून आई दोन वर्षं घरोघर फिरत होती. सह्या झाल्या, पडताळणी झाली, आणि पुढच्या महिन्यात बायकांचं मतदान होणार होतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात: उभी बाटली आणि आडवी बाटली. उभीवर शिक्का म्हणजे दुकान राहू दे, आडवीवर शिक्का म्हणजे बंद कर. आईची सगळी पत्रकं मीच लिहिलेली. मला लिहायला शिकवलं ते पत्रकांनीच: एक बाजू, मोठं शीर्षक, तीन उद्गारचिन्हं, खाली 'आपल्याच भगिनी'.

आता ह्या बाईच्या मनगटावर दारूच्या पॅकेजचा पट्टा दिसला, एक फोटो जरी गावात पोचला, तरी दोन वर्षांची पायपीट पाण्यात गेली असती. दुकानवाल्यांना तेवढंच हवं होतं.

घरी येऊन मी मामासाठी पत्रक लिहिलं. दिवसाला किती ग्लास रिचवले तर पैसे वसूल, झोपेचे तास वजा, जेवणाचे तास वजा, उरलेल्या वेळात माणसाला किती भरभर प्यावं लागेल ते सगळं मांडलं. शीर्षक होतं 'अनलिमिटेडची लबाडी!!!' मोठ्या अभिमानानं आईला दाखवलं.

तिनं चष्मा लावून शांतपणे वाचलं. "यात एवढंच हाय की परवडत न्हाय."

"मग?"

"मग उद्या त्यांनी स्वस्त केलं तर पिऊ व्हय मी?"

ते पत्रक मी फाडलं. आजवर मी स्वतः फाडलेलं तेवढं एकच. पॅकेज परवडतं का हा प्रश्न मामाचा होता. आईच्या मनगटावर काय बांधायचं हे कोण ठरवणार, हा आईचा होता, आणि तो मला पत्रक लिहून झाल्यावर कळला.

मामा तेवढ्यात गुपचूप शाहूपुरीला जाऊन चौघांचं पॅकेज घेऊन आला होता. हे आम्हाला कळलं ते मुंबईच्या बंदरावर, थेट नोंदणीच्या टेबलापाशी. टेबलामागच्या तरुणानं यादीत आमची केबिन बघितली आणि चार नारिंगी पट्टे बाहेर काढले. मामानं हात पुढं केला. आबांनी माझ्याकडं बघितलं. आईनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

"मॅडम, हात," तो हिंदीत म्हणाला.

"न्हाय," आई मराठीत म्हणाली.

रांग थांबली. मागून "चला की पुढं", "काय झालं", "गाडी चुकली व्हय" असले आवाज यायला लागले. मामा कानाशी पुटपुटला. मामाचं पुटपुटणं अख्ख्या बंदराला ऐकू जातं. "आक्का, माझी लाज काढू नको की."

"तुझी लाज तू विकत घेतलीस. माझी माझ्याजवळ हाय."

मी नियम लेखी मागितला. तोंडी नियम मी ऐकत नाही. ग्रामपंचायतीत तीनदा हेलपाटे घातल्यावर माणूस एवढं शिकतो. बऱ्याच वेळानं एक कागद आला. पत्रकं लिहिणाऱ्याला आणखी एक खोड असते, बारीक अक्षर आधी वाचायची. अगदी तळाशी होतं: योग्य कारण असल्यास प्रवाशाला अर्ज भरून मद्याविना पॅकेज घेता येईल. हे शाहूपुरीत कुणी सांगितलं नव्हतं! टेबलावरही कुणी सांगणार नव्हतं!

"अर्ज द्या. तीन."

अर्जात कारणाची चौकट होती. आजारपण, गरोदरपण, धर्म, इतर. तरुणानं मदतीसाठी 'आजारपण'वर बोट ठेवलं.

"आजारी दुकानवाला हाय, मी न्हाय," आई म्हणाली. तिनं 'इतर'वर खूण केली आणि पुढच्या रेघेवर शाळेतल्यासारख्या गोल अक्षरात लिहिलं: आडवी बाटली.

त्यानं ते वाचलं. पुन्हा वाचलं. "हे काय आहे?"

मी समजावणार, तेवढ्यात रांगेतली आमच्या मागची एक दणकट बाई पुढं झुकून चौकटीत डोकावली आणि टाळी वाजवून ओरडली, "अगं बाई! आमच्याकडं पण पाडलीय की आम्ही! मलाबी एक अर्ज द्या हो." ती सांगलीकडची निघाली. तिच्या नवऱ्यानं कपाळाला हात लावला. मागं आणखी दोघींनी अर्ज मागितले. त्यांना आडवी बाटली म्हणजे काय ते ठाऊक होतं की नुसतं रांग मोडायची मजा वाटत होती, कोण जाणे. मला दोन्ही चाललं असतं.

तरुणानं हार मानून शिक्के मारले. आम्हा तिघांना हिरवे पट्टे मिळाले. हिरव्यावर रस, चहा, सरबत, पाणी. आईनं आपल्या अर्जाची शिक्का मारलेली प्रत मागून घेतली आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात घातली. मग तिनं स्वतःच्या हातानं पट्टा बांधला.

आबांनी एकच शंका काढली. "ह्यात दूध येतंय का?"

आबा तरुणपणी तालमीत होते. कुस्ती सुटली, दूध सुटलं नाही. अजूनही पहाटे, गवळी म्हशी आणून समोर धार काढतात त्या दूधकट्ट्यावर जाऊन म्हशीखालचं धारोष्ण दूध उभ्या उभ्या पितात.

"मिल्कशेक आहे, सर."

"शेक नको. हलवू नका. नुसतं दूध."

मिळतं असं कळल्यावर आबा त्या बोटीचे झाले.

पहिल्या सकाळी वेटरनं अर्धा ग्लास ओतला आणि निघाला. आबांनी त्याला हाक मारली. "ओ पावणं! असं न्हाय. मी हात आडवा घालीपर्यंत ओतायचं." वेटर कुठल्यातरी लांबच्या देशातला, त्याला एक अक्षर कळेना. आबांनी उजवा हात ग्लासावर आडवा धरून दाखवला, मग काढला, मग जगकडं बोट केलं. तिसऱ्या खेपेला पोराच्या डोक्यात प्रकाश पडला. दुसऱ्या दिवसापासून तो आबांना बघून लांबूनच हसत जग घेऊन यायचा आणि ओतता ओतता स्वतःच म्हणायचा, "हात? हात?" आबा मान हलवायचे. अख्ख्या बोटीवर अनलिमिटेडचा खरा अर्थ फक्त ह्या दोघांना कळलेला होता.

मामाचं काय झालं? नारिंगी पट्टा मिरवत तो बारपाशी गेला. एका वेळी एकच ग्लास, तो संपल्याशिवाय दुसरा नाही. चांगली बाटली दाखवली की "ही पॅकेजमध्ये नाही". केबिनमध्ये न्यायची नाही. बोट बंदरात असली की बार बंद. मामा परत येऊन म्हणाला, "ह्यापेक्षा आमच्या मागावरच्या कामगारांना कमी नियम हाईत." आणि मग संध्याकाळी बोट खुल्या समुद्रात डोलायला लागली. दोन ग्लासही पोटात गेले नसतील. मामा आडवा झाला तो आडवाच राहिला.

"आक्का, बोट थांबवायला सांग की."

"एसटी हाय व्हय रे ती?"

आई त्याला आल्याचा तुकडा आणि लिंबू चोखायला देत होती. आबा दाराशी उभे राहून दूध पीत होते. मामानं एक डोळा उघडला. "दाजी, तुम्ही मुद्दाम पिताय माझ्यासमोर."

"तुझ्या वाटणीचं पण मीच पितोय, वाया जायला नको."

आता घाण मी केली ती सांगते, कारण दुसऱ्यांवर पत्रकं लिहायची आणि स्वतःचं झाकायचं हे मला जमत नाही. आई डेकवर उभी होती, वाऱ्यानं पदर उडत होता, हातात कलिंगडाचा लालभडक रस. इतकी निवांत मी तिला कधी पाहिली नव्हती. मी फोटो काढला आणि स्टेटसला ठेवला. पट्ट्याचा विचारसुद्धा केला नाही.

घरी पोचेपर्यंत तो फोटो गावातल्या प्रत्येक ग्रुपवर फिरलेला होता. पट्ट्याभोवती लाल गोल. खाली मजकूर: 'दारूबंदीवाल्या बाई बोटीवर! अनलिमिटेड!!!' तीन उद्गारचिन्हं. माझीच विद्या माझ्यावर उलटली होती. ज्या बायका आईबरोबर हिंडल्या त्या रस्त्यात नजर चुकवायला लागल्या. मला रडू आलं. आई फक्त म्हणाली, "अर्ज कुठं हाय बघ माझ्या पर्समधला."

मतदानाच्या आधीची शेवटची सभा देवळासमोर होती. दुकानवाल्याचा एक माणूस उभा राहिला, मोबाइल उंच धरला. "बाई, ह्या लाल ग्लासात काय हाय तेवढं सांगा, मग आम्हाला शिकवा."

"कलिंगड," आई म्हणाली.

लोक हसले. ते हसणं तिच्या बाजूचं नव्हतं.

"हसा की. आता हे बी ऐका." तिनं घडी केलेला कागद माझ्या हातात दिला. "वाच गं. मोठ्यानं."

मी वाचलं. अर्ज मद्याविना पॅकेजसाठी. बोटीचा शिक्का. कारण: इतर. तपशील: आडवी बाटली.

मग पहिल्या ओळीतली एक म्हातारी, जी कानानं कमी आहे आणि तोंडानं अजिबात नाही, गुडघ्यावर हात मारून म्हणाली, "म्हंजे समुद्रातबी पाडून आली की ही!"

सभा फुटली. बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या. मोबाइल उंच धरलेला हात कधी खाली गेला कुणाला दिसलं नाही.

रात्री मी त्या अर्जाची मोठी झेरॉक्स काढली आणि सकाळी घरोघर वाटली. शीर्षक नाही, उद्गारचिन्ह नाही. माझं सगळ्यात चांगलं पत्रक तेच, आणि त्यात माझा एकही शब्द नव्हता. मामानं कबनूरहून पांढऱ्या कापडाचा अख्खा ताका पाठवला. त्यावर आम्ही एक लांबलचक बाटली रंगवली, इतकी आडवी की ती धरायला आठ बायका लागल्या.

मतमोजणी शाळेतच झाली. अधिकारी एकेक पत्रिका उलगडून वर धरायचा. "आडवी." "आडवी." "उभी." "आडवी." पुढं पुढं खिडकीबाहेरच्या बायका त्याच्या आधीच ओरडायला लागल्या. निकाल वाचायच्या आत तो सगळ्या गावाला ठाऊक झालेला होता. निम्म्याहून कितीतरी वर! आई शाळेच्या पायरीवर बसली आणि दोन वर्षांत पहिल्यांदा तिनं चप्पल काढून तळपाय चोळले.

त्याच गोंधळात शाहूपुरीच्या एजंटाचा फोन आला. त्याला तारे हवे होते, पाचपैकी किती. "आणि ताई, ते ड्रिंक पॅकेज कसं वाटलं? लोक विचारत्यात, घ्यावं का न्हाय."

"एक सांगा," मी एका कानावर हात ठेवून ओरडले. "तुम्ही मटणाचं ताट मागवलं म्हणून वाढपी तुमच्या शेजाऱ्याला जबरदस्तीनं मटण वाढतो का?"

"न्हाय की."

"मग नका घेऊ म्हणून सांगा. आणि ज्यांना घ्यायचंच हाय त्यांना तळाचं बारीक अक्षर आधी वाचून दाखवा. दाखवलंत तर पाच तारे."

त्यानं फोन ठेवला. तारे मी अजून दिलेले नाहीत.

पटांगणात आबा दुधाची किटली घेऊन फिरत होते. बायकांच्या पेल्यात ओतत होते, थांबत नव्हते. एकेक हात पेल्यावर आडवा होत गेला. मामा भिंतीला टेकून पेला पुढं धरून उभा होता.

"दाजी, ओता की."

"हात?" आबांनी विचारलं.

"कसला हात? ओता."

आबा ओतत राहिले, दूध पेल्याच्या काठावर आलं, मामाच्या बोटांवरून मनगटावर ओघळलं, आणि आई पायरीवरून ओरडली, "आता तरी घाल की रे आडवा!"