आपाच्या तोंडातल्या टाचण्या

दारव्ह्यात कोणाचा देह किती खरा आणि किती खोटा, हे देवाच्या खालोखाल फक्त आपाला ठाऊक होतं. डॉक्टर नाडी धरतात, ज्योतिषी हात धरतो. आपा कंबर धरायची, आणि तिच्या पिवळ्या टेपपुढे कोणाचीही लपवाछपवी चालायची नाही. नवऱ्याच्या मोटरसायकल दुरुस्तीच्या दुकानाला लागून जो ओटा होता, त्यावर तिची शिलाई मशीन. त्यामुळे आपाने शिवलेल्या ब्लाउजला पहिल्या दोन धुण्यांपर्यंत ऑइलचा वास यायचा आणि बायका तो वास कौतुकाने हुंगायच्या. साठी उलटलेली, हातभर उंचीची, आणि तोंडात कायम सहा-सात टाचण्या. त्या टाचण्या ओठांत धरूनच ती बोलायची, हसायची, चहा प्यायची, गिऱ्हाइकांना झापायची. टाचण्या तोंडात असेपर्यंत आपा काहीही बोलली तरी राग मानायचा नाही, असा गावाचा तिच्याशी अलिखित करारच होता.

आपाच्या खोडी सांगायच्या तर कापडाचं ठाण उलगडत बसल्यासारखं होईल. तिने कधी कोणाला कपडा वेळेवर दिला नाही. तिला अक्षरं येत नव्हती, फक्त आकडे यायचे, म्हणून मापाच्या वहीत ती नावाच्या जागी चित्र काढायची. डॉक्टरीणबाईंच्या पानावर बाटली, पाटलीणबाईंच्या पानावर म्हैस (ही म्हैस पाटलीणबाईंनी एकदा पाहिली आणि सहा महिने ओट्याची पायरी चढल्या नाहीत), आणि आमच्या घरच्या पानावर तराजू, कारण मी जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, वजनकाट्यावर बसणारा बाबू. त्या तराजूचं एक पारडं साफ खाली गेलेलं होतं. मी हरकत घेतली तर टाचण्यांतून उत्तर आलं, "काटेवाले भाऊ, जसा पाह्यला तसा काढला."

पण सगळ्यात मोठी खोड म्हणजे जुनं माप ती मानायचीच नाही. काल माप दिलेलं असो, नाहीतर सकाळी, आज पुन्हा उभं राहायचं, हात वर करायचे, श्वास सोडायचा. एका नवरीचं माप तिने एकाच दिवशी दोनदा घेतलं. पोरीची आई वैतागली, तर आपा म्हणाली, "सकाळी हासत आलती, आता रडून आली. रडल्यावर माणूस अर्धा इंच उतरते." या खोडीपायी लोक तिला वेडी म्हणायचे. मीही म्हणायचो, आणि जरा मोठ्याने म्हणायचो, कारण मापाच्या बाबतीत गावात आपल्यावर कोणी नाही अशी माझी पक्की समजूत होती.

कापसाचे भाव पडले, त्या वर्षातली ही गोष्ट. एरवी दिवाळीनंतर जिनिंगच्या फाटकापासून बैलगाड्यांची रांग थेट सडकेपर्यंत लागायची. त्या वर्षी लोकांनी कापूस घरातच कोंबून ठेवला, निजायच्या खोलीत, देवघराच्या दाराशी, आणि मी काट्यावर बसून चिमण्या मोजू लागलो. नवा कपडा कोणी शिवेना. आपाकडे यायचे ते जुनेच कपडे, उसवून आत घ्यायला. "अख्ख्या तालुक्याच्या कमरा म्या आत घेऊन राह्यली," ती म्हणायची.

अशा दिवसांत माझी बायको, शोभा, दोन परकर आणि एक ब्लाउज घेऊन तिच्याकडे गेली. आपाच्या परकराला नाडीसोबत मापाचा पट्टा असायचा, त्यामुळे कंबर वाढली की परकर लगेच चुगली करायचा. शोभाचे दोन्ही परकर तंग झाले होते. आपाने ते ढिले करून दिले. दोन महिन्यांनी पुन्हा तंग, म्हणून पुन्हा ढिले केले. महिन्याभरात तिसऱ्यांदा तंग. मग मात्र मी खवळलो, आणि माझ्या आयुष्यातल्या चुकांची जी लांबलचक माळ आहे, तिचा मेरुमणी त्या दिवशी ओवला. मी आपाच्या ओट्यावर जाऊन चार बायकांदेखत म्हणालो, "पट्ट्यात कापड मारलं तुम्ही, आपा."

"म्या मारलं?" टाचण्या हलल्या. "तुमच्या सव्वादोन मीटरातून मी काय मारू भाऊ, रुमाल? तिची कंबर सरकली चार बोटं. अन् दंडाले पाहा, ब्लाउजची बाही मले दोन टिपा आत घ्यावी लागली. दंड ढिला अन् कंबर तंग. हे कसं काय ते सांगा बरं?"

"तुमचा टेप आखडला, दुसरं काय!"

लगोलग मी जिनिंगमधला पोलादी टेप आणून तिच्या पिवळ्या टेपशी ताडून पाहिला. रेघेला रेघ जुळली. हार मानणं माझ्या रक्तात नाही. टेप बरोबर असेल, पण टेप धरणारा हात चुकला, असं म्हणून मी दुसऱ्या दिवशी शोभाला जिनिंगमध्ये नेलं आणि बोचकी तोलायच्या काट्यावर उभं केलं.

"म्या काय कापूस हाये काय?" शोभा म्हणाली. "इथं काहून उभी करून राह्यले मले? लोकं पाहून राह्यले ना!"

"सरळ उभी राहा, काटा हालते." वजन भरलं सत्तावन्न किलो. गेल्या दिवाळीत याच काट्यावर गमतीने तोललं होतं, तेव्हा बासष्ट. म्हणजे बाई पाच किलोंनी उतरलेली, आणि आपा म्हणते कंबर वाढली! मी जिनिंगच्या छापील पावतीवर रीतसर लिहिलं, 'माल: पत्नी. वजन: सत्तावन्न.' खाली सही केली, शिक्का मारला, आणि ती पावती झेंड्यासारखी हलवत आपाच्या ओट्यावर दाखल झालो.

"हे घ्या! पाच किलो कमी झाली ती. आता बोला, कोणाचं माप खोटं?"

आपाने मशीनचं चाक हाताने थांबवलं. मग तिने जे केलं, ते तोवर मी कधी पाहिलं नव्हतं. तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि मशीनशेजारच्या इवल्या कापडी गादीत टोचून ठेवल्या. सात होत्या. टाचण्यांशिवायचा तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. बारीक होता, आणि कापत होता.

"वजन कमी अन् कंबर जास्त?"

"हो ना!"

"मंग हे जितल्यावानी काहून सांगून राह्यले भाऊ तुम्ही?"

आपाने टेप मांडीवर घेतला आणि गुंडाळता गुंडाळता म्हणाली, "माह्या अम्मीच्या कुर्त्याची कंबर म्या तीनदा ढिली केली. तिसऱ्या खेपेला अम्मी हासून म्हणे, तुह्या हातची भाकर मानवली मले. म्या बी हासली. भाकर तं ते अर्धीच खात होती. दवाखान्यात नेलं तवा उशीर झालता." मग तिने एकच विचारलं, "शोभा जेवते?"

तेव्हा मला गेले तीन-चार महिने आठवले, आणि आठवलेलं प्रत्येक दृश्य माझीच फजिती होती. शोभा म्हणायची, दोन घास खाल्ले की पोट भरते. मी शेजारणींना सांगायचो की आमची मंडळी आता मिताहारी झाली. पोट दुगदुगते, तट्ट फुगल्यावानी वाटते म्हणायची. मी ओवा, हिंग आणि हिरडा आणून दिला आणि निम्मा स्वतःच खाल्ला. सारखी लघवीला उठायची. मी तिचा चहा बंद केला. पाळी जाऊन वर्ष झालं होतं, अंगातून वाफा निघायच्या, भर थंडीत ती पदराने वारा घ्यायची. त्यावर तर मी स्वतःच वैद्य झालो होतो. जिनिंगमधल्या एकाच्या बहिणीला हार्मोनच्या गोळ्यांनी बरं वाटलं, एवढ्या भांडवलावर मी ओळखीच्या औषधाच्या दुकानातून त्याच गोळ्या आणल्या. कोणत्या डॉक्टरला दाखवलं नाही, काही तपासलं नाही. शोभाने त्या दोन महिने घेतल्या, कारण नवरा मापाचा माणूस होता.

"उद्याची पहिली एसटी धरा," आपा म्हणाली. "यवतमाळले लेडीज डॉक्टरकडं. अन् पोटाचा फोटो काढल्याबिगर वापस येऊ नोका. शोभाले अम्मीचं सांगू नोका."

यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी कधीपासून, किती दिवस, असं सगळं विचारलं. मी पुरावा म्हणून पावती पुढे केली. त्यांनी 'माल: पत्नी' वाचलं, एकदा शोभाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि हसू दाबत ती पावती फाइलला लावली. सोनोग्राफी झाल्यावर मात्र त्या हसल्या नाहीत. डाव्या अंडाशयात गाठ होती आणि पोटात पाणी धरलं होतं. म्हणजे कंबर वाढवत होतं ते पाणी, आणि बाकीची शोभा झिजत होती. आपाचा टेप आणि माझा काटा, दोन्ही खरे होते. खोटा होता तो काटा वाचणारा.

मी घाबरत घाबरत गोळ्यांची पट्टी टेबलावर ठेवली. "यानंच झालं का, बाई?"

त्यांनी पट्टी उलटून पाहिली. "दोन महिन्यांच्या गोळ्यांनी एवढी गाठ येत नाही. ती आधीपासूनच असणार. वर्षानुवर्षं हार्मोन घेतले तर धोका थोडा वाढतो, म्हणून आधी तपासायचं, गरज किती नि जोखीम किती ते बघायचं, आणि मगच द्यायचे. औषध वाईट नाही. तुम्ही डॉक्टर झालात ते वाईट." मग शोभाकडे वळून म्हणाल्या, "पाळी गेलेल्या बाईचं पोट रोज फुगतं, भूक मरते, लघवी सारखी लागते. घरचे म्हणतात गॅस झाला, वय झालं. बायका खूप उशिरा येतात हो. तुम्हाला कोणी पाठवलं?"

"आमच्या टेलरनं," शोभा म्हणाली.

नागपूरला ऑपरेशन झालं. दोन्ही अंडाशयं, गर्भाशय, सगळं काढलं. मग सलाइनमधून केमोचे सहा डोस, तीन-तीन आठवड्यांनी. शोभाचे केस गेले. परत आलो त्या संध्याकाळी आपा घरी आली. हातात मऊ सुती कापडाच्या तीन टोप्या, आणि तोंड रिकामं. तिने शोभाला कवेत घेतलं, तेव्हा मला कळलं की टाचण्या काढून का आली होती.

ऑपरेशननंतर अंगातल्या वाफा दुपटीने परतल्या. आता हार्मोन द्यायचे की नाही, हे मी या खेपेला यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनाच विचारलं, आणि विचारून खाली बसलो, ही माझी मोठी प्रगती. त्या म्हणाल्या, काही गाठींमध्ये हार्मोन अजिबात चालत नाहीत, काहींमध्ये विचार करून देता येतात. शोभाच्या गाठीचा प्रकार पाहता आधी बिनहार्मोनचे उपाय करू, फारच असह्य झालं तर थोड्या मात्रेच्या हार्मोनचं पुन्हा बोलू, तिघं मिळून. बिनहार्मोनचा पहिला उपाय आपाने आधीच काढला होता. ढगळ ब्लाउज, पुढून हूक, पाठीला मलमल. कापड आणायचं काम माझ्याकडे आलं. मी दुकानदाराच्या शपथेवर 'शंभर टक्के सुती' घेऊन आलो. आपाने कडेचा एक धागा ओढला आणि काडी लावली. धागा वितळून काळा मणी झाला.

"जनमभर कापूस तोलला," टाचण्यांतून आवाज आला, "अन् सूत ओळखता येईना! कापूस जळला की राख होते भाऊ, गोळी नाही होत. जा, वापस करून या."

मी निमूट परत गेलो. तेव्हापासून तिने मला झापलं की बरं वाटतं. टाचण्या तोंडात आहेत, म्हणजे जगात सगळं ठीक चाललं आहे.

पुढे एकदा मी धीर करून माफी मागितली. कापड मारल्याचा आळ चार बायकांदेखत घेतला होता, म्हणून माफीही चार बायका पाहूनच मागितली. आपाने मशीन थांबवली नाही. "तुम्ही भांडाले आलते म्हणून बरं झालं," ती म्हणाली. "नसते आलते तं म्या तिसऱ्यांदा ढिली करून दिली असती." त्या वाक्याचं काय करायचं ते मला आजही कळलेलं नाही. आपल्या मूर्खपणाचे आभार कसे मानतात?

याला आता बरीच वर्षं झाली. दारव्ह्याच्या बाजारात तयार गाउन टांगलेले असतात, आपाच्या ओट्यावर फारसं कोणी चढत नाही. मशीनवर झाकण असतं. आपाच्या दोन्ही डोळ्यांत पडदा आला आहे, ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणते, "आता काय पाहाचं राह्यलं?" शोभा ठरल्या वेळी नागपूरला तपासणीला जाते, आणि परत आलो की घराआधी ओटा गाठते. डॉक्टरांचे कागद हातात असतात, सगळं नीट असल्याचं त्यात लिहिलेलं असतं, पण ते आपाला वाचता येत नाहीत आणि चालतही नाहीत. ती टाचण्या काढून बाजूला ठेवते, शोभाला उभी करते, हात वर करायला लावते, श्वास सोडायला लावते. बोटांनी चाचपत टेप कमरेभोवती आणते, चिमटीत धरते आणि मला हाक मारते, कारण आकडा आता तिला दिसत नाही.

"वाचा, काटेवाले भाऊ."

मी वाचतो.

"उजेडात येऊन वाचा. तुमचा काटा मले ठाऊक हाये."

मी चष्मा पुसतो, वाकतो, पुन्हा वाचतो. आकडा मागच्या वेळचाच असतो. आपा वही काढते, कोपरा दुमडून ठेवलेलं तराजूचं पान चाचपून काढते आणि मी सांगेन तिथे तोच आकडा मोठा करून लिहिते. पारडं अजून खालीच आहे. मग ती टेप गळ्यात टाकते, गादीतल्या टाचण्या एकेक उपसून ओठांत धरते, आणि उशिरा आलो म्हणून आम्हा दोघांना झापायला लागते.