विहिरीकाठच्या अकरा काड्या

रोपवाटिकेत तिला सगळे आत्या म्हणत. साहेबसुद्धा, आणि साहेब तिच्याहून चार वर्षांनी मोठे! हातगुण असा, की वॉचमन म्हणायचा, आत्यानं छत्रीची दांडी खोचली तरी तिला पालवी फुटेल. एकतीस वर्षं तिनं काड्या लावून रोपं केली. तिच्या टेबलावर रखडलेली काडी दिसायची नाही. रुजेल ते ठेवायचं, उरलेलं खताच्या खड्ड्यात. ही काय धर्मशाळा आहे, असं ती येईल-जाईल त्याला ऐकवायची.

तर एका पांढऱ्या फुलांच्या झुडपाची सगळी मिळून दोनच झाडं उरली होती. एक डोंगरउतारावर, दुसरं पडक्या विहिरीकाठी. त्यांनी बी धरलं तर ती जात टिकणार, नाहीतर कायमची गेली. दोन्हींच्या काड्या साहेबांनी आत्याच्याच हाती दिल्या, दुसऱ्या कुणाच्या देणार?

उतारावरच्या काड्यांनी पंधरवड्यात मुळं सोडली. विहिरीकाठच्या अकरा मात्र ढिम्म. चार महिने गेले तरी ना पान, ना मूळ. आत्याचं डोकंच फिरलं. बरं, उतारावरच्या गुणी रोपांना जागा तर हवीच होती. तिनं अकराच्या अकरा उपटल्या आणि वहीत लिहिलं, मेल्या. आत्यानं लिहिलं म्हटल्यावर विचारतो कोण?

त्याच वर्षी विहीर बुजवली, तिच्याबरोबर ते झुडूपही गेलं. पुढच्या वर्षी दरड कोसळून उतारावरचंही गेलं. पण आत्याच्या शंभर कुंड्या होत्या ना, मग कशाला काळजी? तिसऱ्या वर्षी त्या एकदम फुलल्या. साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला, आत्याचा फोटो ऑफिसात लागला. फुलं गळली. बी एकही धरलं नाही. पुढच्या वर्षी तिनं बारीक ब्रशानं फुलाफुलाला पराग लावले, तरीही नाही.

मग साहेबांनी बोलावलेल्या बियाण्यांच्या तज्ज्ञ मॅडम आल्या. त्यांनी सरळच सांगितलं, हे झुडूप स्वतःचे पराग घेत नाही. एकाच झाडाच्या काड्यांपासून शंभर केलीत, तरी झाड एकच. पराग दुसऱ्या झाडाचेच हवेत.

आत्याला वाटलं, आता रडू येईल. आलं नाही. घरी सुनेनं विचारलं, बरं नाही का? तिनं मान हलवली, जेवली, स्वतःचं ताट घासून पालथं घातलं. चव कशाचीच लागली नव्हती. आठ दिवस हे असंच. हात पाणी घालत होते, तण काढत होते, आणि आत काही म्हणजे काही वाटत नव्हतं. त्याचीच तिला भीती वाटायला लागली.

नवव्या दिवशी मॅडम जुनी वही उघडून अहवाल लिहीत होत्या. ही जात आता वाचणार नाही, हे त्यांनी खाली लिहूनही टाकलं होतं. आत्या दारात दिसली तशा त्या मऊ आवाजात म्हणाल्या, "तुम्ही जिवाला लावून घेऊ नका. त्या अकरा काड्या जगणाऱ्या नव्हत्याच."

आत्या टेबलापाशी आली. बसा म्हटलं तरी बसली नाही.

"टाकायच्या आधी नखानं खरवडून बघितल्या होत्या मी," ती म्हणाली. "सगळ्या आतून हिरव्या होत्या. जिवंत होत्या. तसं लिहा."