मिटलेली तीन बोटं

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळसुद्धा नाही — आणि तिला तर माझ्या पगारवाढीपासून पित्तापर्यंत सगळं ठाऊक असतं. तसं पाहिलं तर गोष्ट केवढी? एक हात वर केला, एवढीच.

जालन्यात एका बियाण्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. सॉफ्टवेअरची नवी टीम, मी तिचा लीड. काम दोन-दोन आठवड्यांच्या खेपांत करायचं, आणि प्रत्येक खेपेआधी ठरवायचं की आपल्याला किती झेपेल. जुन्या टीमकडे मागचा अनुभव असतो. आमच्याकडे तो नव्हता — होते ते फक्त आमचे हात. मी 'दाखवा' म्हणालो की सगळ्यांनी एकदम बोटं वर करायची. एक बोट म्हणजे किरकोळ काम, पूर्ण पंजा म्हणजे या खेपेत मावत नाही. एकदम का? तर कोणी कोणाचं पाहून करू नये. नियम मीच शिकवला होता, मोठ्या तोऱ्यात.

संगीता जाफराबादची. पहिलीच नोकरी. पक्की झाली की आईला जालन्यात आणणार होती, खोलीही पाहून ठेवली होती. त्या दिवशीचं काम होतं दुकानदारांची जुनी माहिती नव्या ॲपमध्ये आणण्याचं. पडद्यावर पुण्याचे साहेब, त्यांना घाई. मी 'दाखवा' म्हणालो. सगळ्यांची दोन बोटं. संगीताचा पंजा.

ज्याचा हात वेगळा, त्यानं आधी बोलायचं — हाही नियम. ती उभी राहिली. "सर, मी थोडी माहिती उघडून पाह्यली. एकच दुकान तीन-तीन नावानं हाये. एकेक तपासावं लागंल. दोन आठवड्यात बिलकुल न्हाई व्हायचं."

साहेब हसले. मी म्हणालो, पुन्हा हात करू. पुन्हा तिचा पंजा, बाकीच्यांची दोन बोटं. माझीही. वर मी म्हणालो, जाफराबादच्या गाडीला वेळ लागायचाच. सगळे हसले. तीही थोडं हसली.

खेप बुडाली. साहेबांनी विचारलं, अडलं कुठं? खरं सांगायला काय हरकत होती — की अंदाज आमचा चुकला, तिचा बरोबर होता? मी म्हणालो, टीम नवी आहे, त्यात एकीनं सुरुवातीलाच नन्नाचा पाढा लावला, बाकीच्यांचाही जोर गेला. महिना संपायच्या आत तिला काढलं. चोर सोडून संन्याशाला फाशी — आणि चोरानंच दोर ओढलेला.

आता ऑफिस बंद आहे, सगळे घरून काम करतात. मी घनसावंगीच्या घरी मागच्या खोलीत दार लावून बसतो. अजूनही हात वर होतात, पडद्यावरच्या चौकटींत. पण माझी बोटं दिसेपर्यंत कोणाचा हात हलत नाही. मी तीन केली की सगळ्यांची तीन. मला वेगळं कोणी काही सांगत नाही. एवढे चेहरे समोर असतात आणि फार एकटं वाटतं. तक्रार कुणाकडे करू? मीच तर शिकवलं हे.

पाहा, इथवर येऊनही मूळ गोष्ट टाळतोच आहे. ती माहिती मीही पाहिली होती — आदल्याच दिवशी. मावत नाही, हे मला ठाऊक होतं. पहिल्या वेळी माझाही पंजाच वर चालला होता. मग बाकीच्यांची दोन-दोन बोटं दिसली, साहेबांचा चेहरा दिसला — आणि मी तीन बोटं मिटून घेतली. कोणाला दिसलं नाही, असं वाटलं.

तिच्या शेवटच्या दिवशी मी तिला जाफराबादच्या प्रवासी जीपपर्यंत सोडायला गेलो. केवढा हा चांगुलपणा. पिशवी मांडीवर घेऊन ती म्हणाली, "सर, तुमचा बी पंजा उघडल्ता. मी पाह्यल्तं." आवाजात राग नव्हता. हे तिला सगळ्यांसमोर बोलता आलं असतं. ती बोलली नव्हती.

मी म्हणालो, "जरा सरकून बस. अजून माणसं यायचीत."